वाचक विचारतात: सुऱ्या ऑनलाइन विकायला आधी पैसे भरायचे का?

प्रश्न: दादा नमस्कार, मी चोपडा तालुक्यातला, आमचं पिढीजात लोहारकाम. विळे, खुरपी, कुऱ्हाडी हे तर चालूच असतं पण अलीकडं मी ट्रकच्या कमानपाट्यापासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) किचनच्या सुऱ्या बनवायला लागलोय, सागाची मूठ, पितळी रिव्हेट. महिन्याला वीसेक होतात, साडेसहाशेला एक जाते, खर्च न मजुरी काढून अडीचशे सुटतात. आता एका ऑनलाइन कंपनीचा माणूस रोज फोन करतोय, वर्षाचे 18,000 भरा, वर जीएसटी, तुमचं पेज बनवून देतो, प्रीमियम सेलर करतो, देशभरातून ऑर्डरी येतील म्हणे. बायको म्हणते भरून टाका, वडील म्हणतात कसाले पैसा घालस रे. भरू का नको?

उत्तर: भाऊ, नका भरू. वडिलांचं बरोबर आहे, पण का बरोबर आहे ते तुमच्याच आकड्यांवरनं बघा.

18,000 वर 18 टक्के जीएसटी धरला की झाले 21,240. एका सुरीमागे अडीचशे सुटतात म्हणजे 85 सुऱ्या विकल्यावर फी वसूल. तुम्ही महिन्याला वीस बनवता, म्हणजे वर्षातले चार महिने तुम्ही भट्टीपुढं बसून फक्त त्या कंपनीसाठी घण मारणार, आणि हे कधी, तर ऑर्डरी खरंच आल्या तर. नाही आल्या तरी पैसे गेलेच, कारण ही फी विक्रीवर नाही, नाव टाकण्यावर आहे.

आणि मला तर आल्या तरच जास्त काळजी वाटते. अशा साइटवर जे फोन येतात ना ते बहुतेक घाऊकवाल्यांचे, "पाचशे पीस का रेट बोलो" टाइप. पाचशे पीस म्हणजे तुमचं दोन वर्षांचं काम, आणि रेट त्यांना मशीनच्या सुरीचा पाहिजे असतो. तुम्हाला लाखभर लोकांना दिसून करायचंय काय, महिन्याला वीसच गिऱ्हाइकं पाहिजेत, फक्त ती साडेसहाशेच्या जागी बाराशे देणारी पाहिजेत. ती यादीत वरती नाव आल्यानं मिळत नाहीत, सुरी कशी बनते ते दिसल्यावर मिळतात.

पैसे द्यायचेच असतील तर विक्री झाल्यावर कापून घेणाऱ्याला द्या. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा सर्वसाधारणपणे कमिशन कापतात, मीशो तर विक्रेत्याकडनं कमिशन घेत नाही, पण तिथं गिऱ्हाईक स्वस्तातलं शोधायला येतं, तुमची हातची सुरी तिथं दीडशेच्या चायना सुरीशेजारी दिसणार, मग काय उपयोग. कमिशन कमी दिसलं तरी बाकीचं बघायचं: शिपिंग, परत आलेल्या मालाचा खर्च, आणि या सगळ्या चार्जेसवर पुन्हा 18 टक्के जीएसटी. सगळ्यात जास्त मारतं ते परत आलेलं पार्सल. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं की लोक मजेत ऑर्डर करतात आणि दारात नको म्हणतात, मग माल जाऊन परत येतो त्याचा भुर्दंड बऱ्याच वेळा आपल्यालाच. हातच्या सुरीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवूच नका. अर्धे पैसे आधी, उरलेले पाठवायच्या आधी, ज्याला पाहिजे तो देतो.

परदेशात विकायची हौस असेल तर एट्सी या हातच्या वस्तूंच्या साइटवर एक वस्तू टाकायला 0.20 डॉलर लागतात, ते चार महिने चालतं, विकली गेली की 6.5 टक्के कापतात, पेमेंटचा चार्ज वेगळा. हा हिशोब निदान समजतो तरी. पण अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या मालाला ड्यूटी नसायची ती सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झालीय, त्यामुळं सध्या तिकडं डोकं घालू नका, आधी पुणे-मुंबई करा.

आता जीएसटीचं, कारण खान्देशात ही गोष्ट फार आडवी येते. मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असेल आणि गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर जीएसटी नंबर लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठेवर विकायला आधी कसाही लागायचाच, पण 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात विकायचं असेल तर जीएसटी पोर्टलवरनं एनरोलमेंट नंबर घेऊन चालतं. अडचण कुठं येते? आपली निम्मी माणसं सुरतेत, उधना-लिंबायतला. सुरतचा आतेभाऊ म्हणाला माझ्या सोसायटीत दहा सुऱ्या लागतील, पाठवून दे, की ती झाली परराज्यातली विक्री, तिला सर्वसाधारणपणे पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. तसंच मध्य प्रदेशातलं सेंधवा, बऱ्हाणपूर. सुट्टीत गावाला आल्यावर तुमच्या दारातून घेऊन गेले तर ती इथलीच विक्री. नंबर काढायला सरकारी फी नाही, पण नंतर रिटर्न भरत बसावं लागतं आणि अकाउंटंट काही फुकट करत नाही, तेव्हा सुरतच्या ऑर्डरी खरंच नियमित यायला लागल्या की मगच काढा.

दुसरी गोष्ट कायद्याची, हे मात्र नीट वाचा. शस्त्र नियम 2016 प्रमाणे पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तर ते हत्यार धरलं जातं, त्यातनं घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तू वगळल्यात. म्हणून केळीचा घड कापायचा मोठा कोयता चालतो, आचाऱ्याची मोठी सुरी चालते. पण तीच सुरी दोन्ही बाजूंनी धार काढून "खंजीर" म्हणून टाकली, किंवा हातात धरून मिशीला पीळ देत फोटो टाकला, तर तुम्ही स्वतःच लिहून देताय की हे घरगुती नाही. ऑनलाइन तलवारी मागवल्याच्या केसेस राज्यात झाल्यात, पोलीस या बाबतीत मस्करी करत नाहीत. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरात नियमांतही किचनच्या सोडून बाकी सुऱ्या-पात्यांना बंदी आहे. तेव्हा फोटो कसा पाहिजे, तर भरताचं वांगं, कांद्याची पात, लाकडी पाट आणि सुरी. आणि कुणी सांबरशिंगाच्या मुठीची ऑर्डर दिली तर कितीही पैसे देवो, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आहे, हात लावू नका.

मग 21 हजार वाचले त्याचं काय करायचं? सगळे नाही, त्यातले दोन-तीन हजार खर्चा. चांगला मोबाईल ट्रायपॉड, खोकी, आणि सुरीच्या पात्यावर उठवायला तुमच्या नावाचा ठसा. कमानपाटा तापवताना, घण मारताना, तेलात बुडवून पाणी पाजताना रील काढा, बोलायची गरज नाही, आवाजच पुरे. एक स्पष्ट लिहायचं की ही सुरी गंजते, स्टेनलेस नाही, धुऊन लगेच पुसायची, थोडं गोडेतेल लावायचं. हे न सांगता विकली की आठ दिवसांत शिव्या येणार. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे, तिथं मालाबरोबर नंबर छापलेलं कार्ड द्या, लग्नातल्या आचाऱ्यांना एकेक सुरी वापरायला द्या, रावेर-यावलच्या केळीवाल्यांना कोयते तुम्ही देतच असाल तर त्यांच्या घरात सुरी जाऊ द्या.

आणि पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागीर योजनेत नाव टाकलंय का? 18 व्यवसायांत लोहार आहे, अर्ज सीएससी केंद्रातून होतो, मग ग्रामपंचायतीची पडताळणी. ट्रेनिंगला दिवसाला 500, अवजारांसाठी 15,000 पर्यंत, आणि पहिलं 1 लाखाचं कर्ज 5 टक्क्यांनी. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, तेव्हा तुमचं आणि वडिलांचं कुटुंब वेगळं धरलं जातं. लहान उद्योगाची उद्यम नोंदणीसुद्धा सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्याचे हजार-दोन हजार मागणारे फोनवाले वेगळेच, त्यांचाही फोन ठेवून द्या.

प्रश्न: माझे भाऊ विळ्या बनवतात, मी शहाद्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेते. दोन कुरिअरवाले धारदार वस्तू म्हणून घेत नाहीत, एकानं घेतली तर पैसे दुप्पट लावले. काय करायचं ताई-दादा?

उत्तर: ताई, दुप्पट लावले ते बहुतेक खोक्यामुळं. कुरिअरवाले खरं वजन आणि मापाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात, मापाचं म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. 45 × 25 × 20 चं खोकं म्हणजे साडेचार किलो, आत विळी दीड किलोची का असेना. भावाला सांगा, पातं घडी होऊन पाटावर बसेल अशी बनवा, मग खोकं 45 × 18 × 10 मध्ये बसतं आणि मापाचं वजन 1.62 किलोवर येतं. धारेवर जाड पुठ्ठ्याची दुहेरी म्यान करून वरनं सुतळी बांधा, टोकाला बुचाचा तुकडा, खोबरं खवायच्या दात्यांवर सुद्धा पुठ्ठा, आणि खोकं हलवून बघा, आत काही हललं तर परत उघडा. बिलावर "धारदार शस्त्र" कुणी लिहायला सांगितलं तरी लिहू नका, "भाजी चिरायची घरगुती विळी" असं जे आहे तेच लिहा. विमानानं नको, रस्त्यानं जाऊ दे, दोन दिवस उशिरा पोचेल. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं.