एमएस प्रोजेक्टची फाइल साइटवरच्या सगळ्यांना नेटवरून कशी शेअर करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाणीपुरवठा योजनेचं नियोजन तुम्ही यवतमाळच्या ऑफिसात एमएस प्रोजेक्ट या मायक्रोसॉफ्टच्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, काम चालू आहे झरी-जामणीकडच्या गावांत, सुपरवायझर आणि मुकादमाकडे नुसते मोबाइल आहेत. ही फाइल सगळ्यांना नेटवर पाहता यावी, आणि जमलं तर बदलताही यावी.

पाहण्याचं होऊन जाईल. सगळ्यांनी बदलण्याचा हट्ट मात्र सोडा. वर्धा जिल्ह्यात अशाच योजनांचं प्लॅनिंग मी सांभाळतो, त्यावरून सांगतो.

एमएस प्रोजेक्टची फाइल, म्हणजे एमपीपी, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून आरामात जाते, जीमेलवरही जाते (तिथे अटॅचमेंटला २५ एमबीची मर्यादा आहे, कामांच्या तारखा पट्ट्यांनी दाखवणाऱ्या बारचार्टची फाइल एवढी फुगत नाही). अडचण उघडताना येते. मायक्रोसॉफ्टने या फाइलसाठी फुकटचा व्ह्यूअर दिलेला नाही, त्यामुळे तिकडून फोन येतो, "भाऊ, हे तं उघडतच नाही ना." ज्याच्याकडे लॅपटॉप आहे पण लायसन्स नाही, त्याने प्रोजेक्टलिब्रे टाकावं. ते फुकट आहे आणि एमपीपी उघडतं. पण परत एमपीपीत सेव्ह करत नाही, स्वतःच्या पॉड फॉरमॅटमध्ये नाहीतर एक्सएमएलमध्ये करतं. एक्सएमएल एमएस प्रोजेक्टमध्ये उघडते, पण या येण्याजाण्यात तुम्ही सजवलेले व्ह्यू आणि रंग टिकतील ही आशा धरू नका. ते पाहण्यापुरतंच वापरा.

दोन लॅपटॉपवर दोघांनी फाइल बदलली, की दोन वेगळ्या फाइली तयार होतात. प्रोजेक्टमध्ये 'कंपेअर प्रोजेक्ट्स' आहे, ते फरक दाखवतं, पण दोन्ही जोडून एक करून देत नाही. ते तुम्हालाच ओळ-ओळ बघून करावं लागतं. म्हणून फाइल एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. बाकीच्यांनी त्याला माहिती द्यायची, त्याने भरायची आणि त्यातून निघालेला कागद सगळ्यांना पाठवायचा.

ती मूळ फाइल गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवा. गुगल ड्राइव्हवर अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात, कोणी गडबड केली तर मागे जाता येतं. लिंक देताना 'व्ह्यूअर' द्या, 'एडिटर' नाही. आणि लॅपटॉप बंद करण्याआधी सिंक पूर्ण झालं का ते बघा. आपल्याकडे संध्याकाळी लाइट गेली की राउटरही जातो, आणि फाइल अर्ध्यावर लटकते. सकाळी दुसऱ्या लॅपटॉपवर कालचीच फाइल उघडते आणि त्यावरच काम सुरू होतं.

आता साइटवर काय पाठवायचं? सगळा बारचार्ट पाठवू नका. मुकादमाला जलकुंभाच्या रंगकामाची मार्चमधली तारीख आज काय कामाची? त्याला पुढचे तीन आठवडे पाहिजेत. 'डेट रेंज' फिल्टर लावून तेवढीच कामं काढा. डावीकडे कामाचं नाव, सुरू, संपेल आणि जबाबदारी एवढेच रकाने ठेवा. पेज सेटअपमध्ये एक पान रुंद, एक पान उंच असं बसवून पीडीएफ करा. तारखेचा फॉरमॅट महिन्याच्या नावाचा ठेवा, कारण ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे यावर साइटवर वाद होतात. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणूनच टाका. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून टाकला, तर व्हॉट्सॲप तो दाबतं आणि अक्षरं पुसट होतात.

कामांची नावं मराठीत असतील तर ती युनिकोडमध्येच टाइप करा. ऑफिसातल्या टायपिस्टचा हात कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर बसलेला असतो हे माहीत आहे, पण तीच यादी एक्सेलमध्ये पाठवली आणि तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर उघडली की 'उद्भव विहीर'च्या जागी नुसता कचरा दिसतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जातो म्हणून तिथे निभावतं.

जिथे रेंजच टेकडीवर चढल्यावर मिळते, तिथे तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातून ए-थ्री प्रिंट काढून गोदामात चिकटवणं अजूनही सगळ्यात पक्कं. फक्त एक बघा: प्रोजेक्टमध्ये क्रिटिकल कामं (जी लांबली की सगळी योजनाच लांबते) वेगळी दाखवली, तर ती लाल आणि बाकीची निळी असतात, ब्लॅक-अँड-व्हाइट प्रिंटमध्ये दोन्ही सारखंच करडं येतं. 'बार स्टाइल्स'मध्ये जाऊन क्रिटिकलला आडव्या-तिरप्या रेघांचा पॅटर्न द्या.

उलट बाजूची माहिती मागवताना टक्केवारी विचारू नका. "किती झालं?" विचारलं की "ऐंशी टक्के" ठरलेलं, पुढच्या आठवड्यातही ऐंशीच. त्यापेक्षा पाइप किती मीटर टाकला, चर बुजवली का, टेस्टिंगला पाणी सोडलं का, असं विचारा. मुकादम व्हॉइस मेसेजमध्ये हे नीट सांगतो, सोबत फोटो मागा. मीटरचे टक्के तुम्ही करा.

कॅलेंडरकडे लक्ष द्या. प्रोजेक्टचं स्टँडर्ड कॅलेंडर शनिवार-रविवार सुट्टी धरतं. आपल्याकडे मजूर रविवारी येतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी येत नाही. पोळा आणि तान्हा पोळा वेगळे. शिवाय कापूस वेचणी सुरू झाली की अर्धी माणसं वावरात. तुम्ही हे कॅलेंडरमध्ये भरलं असेल, तर पूर्ण फाइल पाठवल्यावर ते सोबत जातं. पण कोणी त्यातली कामं कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट केली, तर कॅलेंडर मागेच राहतं आणि तारखा गुपचूप सरकतात. ते 'ऑर्गनायझर'मधून वेगळं न्यावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारं: एमपीपी दिली म्हणजे रिसोर्स शीटमधले तुमचे दरही दिले. जेसीबीचा तासाचा भाव, मिस्त्रीची रोजी, सगळं तिथे 'स्टँडर्ड रेट'च्या रकान्यात उघडं असतं. सबकॉन्ट्रॅक्टरने ते पाहिलं की पुढच्या बिलाला तुमची बोलती बंद. फाइल द्यायचीच वेळ आली तर 'सेव्ह ॲज'मध्ये टेम्प्लेट निवडा. तिथे एक चौकट येते, त्यात बेसलाइन (सुरुवातीला ठरवून साठवलेलं नियोजन), प्रत्यक्ष झालेलं काम, रिसोर्सचे दर आणि फिक्स्ड कॉस्ट (कामाला लावलेली ठोक रक्कम) यांपैकी काय वगळायचं ते विचारतात. दर, फिक्स्ड कॉस्ट आणि बेसलाइनवर टिक करा, कारण बेसलाइनमध्येही खर्च साठलेला असतो. मूळ फाइल तशीच राहते, बाहेर जाते ती बिनदरांची.

विभागाचे जेई (कनिष्ठ अभियंता) साहेब सॉफ्ट कॉपी मागतील तेव्हा त्यांना आधी विचारा, पीडीएफ चालेल का. बहुतेक वेळा चालते, त्यांना ती फायलीला लावायची असते. एमपीपीच पाहिजे म्हणाले तर वर सांगितलेली बिनदरांची द्या, नावात तारीख टाकून, आणि मेलनेच द्या. व्हॉट्सॲपवर दिलेली फाइल तीन महिन्यांनी मुदतवाढीच्या अर्जाच्या वेळी कोणालाच सापडत नाही.