जुन्या विमानांना विंगलेट (पंखाच्या टोकाला बसवलेलं, वर वळलेलं पातं) लावून खरंच इंधन वाचतं का, आणि ते काम नेमकं काय असतं?

वाचतं. मात्र किती वाचेल हे विमान एका दमात किती लांब जातं यावर ठरतं.

पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते आणि तिथे भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात जाणारी ऊर्जा शेवटी इंजिनांनाच पुरवावी लागते. विंगलेटमुळे ही गळती कमी होते. पंख सरळ लांब केला तरी फायदा मिळतो, पण मग विमानतळावर जागेची अडचण येते. बोइंग ७३७-८०० ज्या गटात पार्क होतं त्यात पंखांच्या विस्ताराची, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराची, मर्यादा ३६ मीटर. विंगलेट लावून या विमानाच्या पंखांचा विस्तार ३५.८ मीटर होतो, म्हणजे जेमतेम मावतं!

चार तासांच्या उड्डाणाला १० टन इंधन धरा. ४ टक्के वाचले तर ४०० किलो, म्हणजे सुमारे १,२६० किलो कार्बन डायऑक्साइड कमी. तासाभराच्या फेरीत मात्र उंचावर, विरळ हवेत उडण्याचा वेळ थोडा असतो, त्यामुळे टक्केवारी घसरते. शिवाय विंगलेटच्या किटचं वजन प्रत्येक फेरीत वाहावं लागतंच. छोट्या फेऱ्यांच्या विमानावर हा खर्च करायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरून दिसतं ते पातं बसवणं हा कामाचा सोपा भाग. टोकावर उचल वाढली की पंखाच्या मुळाकडे वाकवणारा ताण वाढतो, आणि टोकाच्या वजनाने पंखाची थरथर बदलते. म्हणून आधी पंख आतून मजबूत करावा लागतो. पंखातल्या इंधनाच्या टाक्या रिकाम्या करायच्या, वाफ पूर्ण घालवायची, हवा तपासायची, मगच माणूस आत जातो. जुनं टोक आणि दिवे काढून शेवटची रिब (पंखातली आडवी फासळी) बदलतात, स्ट्रिंगरना (पंखाच्या लांबीतल्या आतल्या पट्ट्यांना) आणि पत्र्याला जोडपट्ट्या देतात, नंतर विंगलेट आणि दिव्यांचं वायरिंग.

बिघडतं ते बहुधा जोडणीसाठी पाडलेल्या भोकांपाशी. जुन्या पंखावर आधीची दुरुस्ती किंवा गंज निघाला की नवं भोक पत्र्याच्या कडेच्या फार जवळ येतं. तिथे तडा जाण्याचा धोका असतो, त्यामुळे काम थांबवून त्या जागेपुरतं वेगळं डिझाइन मंजूर करून घ्यावं लागतं. दुसरा त्रास सीलंटचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या लेपाचा. फास्टनरभोवतीचं (रिव्हेट-बोल्टभोवतीचं) सीलंट पुरतं सुकण्याआधी टाकी भरली, तर पंखाखाली एकाच रिव्हेटपाशी ओला डाग दिसतो. तेवढ्यासाठी टाकी पुन्हा रिकामी! म्हणूनच हे काम सी-चेकसारख्या (ठरावीक काळाने होणाऱ्या) मोठ्या तपासणीला जोडून घेतात, कारण तेव्हा विमान उघडलेलंच असतं.

कागदाचं कामही तितकंच महत्त्वाचं. सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट (मंजूर विमानात असा बदल करण्याची अधिकृत परवानगी) त्याच मॉडेलला लागू आहे ना ते पाहा, विमानाचं वजन आणि गुरुत्वमध्य नव्याने नोंदवा, उड्डाण पुस्तिकेत पुरवणी घाला आणि फ्लाइट मॅनेजमेंट कंप्युटरमध्ये (उड्डाणाचा मार्ग, उंची, वेग ठरवायला मदत करणाऱ्या संगणकात) विंगलेटचा डेटा भरा. जुनाच डेटा राहिला तर विमान योग्य उंची-वेग सुचवत नाही आणि वाचलेल्या इंधनातला काही भाग तिथेच जातो.

विमान लीजवरचं असेल तर मालकाची लेखी संमती आणि परत देतानाच्या अटी किट मागवण्याआधीच ठरवून घ्या.