एआयकडून लेखाला गुण घ्यावेत का?

प्रश्न : आरोग्यविषयक लेख वाचला की मी त्याची लिंक एआय चॅटबॉटला देते आणि विश्वासार्हतेचे दहापैकी गुण विचारते. एकाच लेखाला आधी आठ मिळाले, दुसऱ्यांदा पाच. कोणते धरायचे?

उत्तर : दोन्ही सोडून द्या. त्या आकड्यामागे मोजमाप नसतं. चॅटबॉट एकेक शब्द शक्यतेच्या हिशोबाने निवडत जातो, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर उत्तर बदलतं. ‘हा लेख खोटाच आहे ना?’ असं विचारलंत तर तो बहुधा तुमच्याच बाजूने झुकेल. शिवाय कधी कधी त्याने लिंक उघडलेलीच नसते, पत्त्यातल्या शब्दांवरून मजकुराचा अंदाज बांधलेला असतो. त्यामुळे लिंक न देता पूर्ण मजकूर चिकटवा.

मग निकाल मागू नका, काम सांगा : ‘यातले पडताळता येण्याजोगे दावे वेगळे काढ. प्रत्येकापुढे लेखात दिलेला आधार मूळ शब्दांत लिही. आधार नसेल तर तसं लिही. स्वतःचं मत देऊ नकोस.’ हे काम तो चांगलं करतो, तरी अवतरणं लेखाशी ताडून पाहा. ज्या दोन-तीन दाव्यांवर सगळा लेख उभा आहे, तेवढेच निवडा.

इथून पुढचं काम चॅटबॉटबाहेरचं. नव्या टॅबमध्ये लेखकाचं आणि संकेतस्थळाचं नाव शोधा. इतर लोक त्यांच्याबद्दल काय लिहितात ते महत्त्वाचं, ‘आमच्याविषयी’ हे पान नव्हे. शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, दिला असेल (तो १० ने सुरू होतो) तर डीओआय डॉट ऑर्गवर टाका. भलताच निबंध उघडला तर संदर्भ चुकीचा किंवा बनावट आहे. खरा निबंध उघडला तर प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, किती जणांवर, आणि निबंध मागे घेतला गेला आहे का, हे पाहा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझम) संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी लशीविरोधी मजकुरात तो अजून भेटतो.

टक्क्यांपाशी हमखास थांबा. ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे दहा हजारांत दोघांऐवजी तिघे, इतकंच असू शकतं. मूळ आकडे निबंधात शोधा.

प्रश्न : लेख एआयने लिहिला आहे का, हे ओळखणारी साधनं वापरावीत का?

उत्तर : त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केलं. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयचे फक्त २६ टक्के मजकूर पकडले होते आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर एआयचा शिक्का मारला होता. आणि माणसाने लिहिलेला लेखही चुकीचा असू शकतो, त्यामुळे दाव्यांची तपासणी टाळता येत नाही.

प्रश्न : कालची खरी बातमी चॅटबॉटने खोटी ठरवली. असं का?

उत्तर : त्याचं प्रशिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. पुढच्या घटना त्याला ठाऊक नसतात. वेबशोध सुरू करून पुन्हा विचारा आणि त्याने दिलेली प्रत्येक लिंक स्वतः उघडून वाचा. तिथे तो मुद्दा नसल्याचंही आढळतं.