घरी मिक्सिंगसाठी कन्सोल एम्युलेशन प्लगइनसोबत हार्डवेअर कंट्रोलर घ्यावा का? आवाजात फरक पडतो का? मित्र म्हणतो, ते खेळणं आहे.

आवाजात फरक पडत नाही. प्लगइन म्हणजे मोठ्या मिक्सिंग डेस्कची सॉफ्टवेअर नक्कल, कंट्रोलर म्हणजे तिचे हातात येणारे नॉब. नॉब हाताने फिरवा की माऊसने, प्लगइनच्या आतलं गणित तेच. उत्तर इथेच संपतं, पण तुमच्या मित्राचा ‘खेळणं’ हा शब्द मला जुना झोंबलेला आहे.

माझ्याकडे सॉफ्टट्यूब कंपनीचा कन्सोल १ हा कंट्रोलर आहे, सोबत एसएसएल ४००० ई या गाजलेल्या स्टुडिओ डेस्कचं एम्युलेशन. डोंबिवलीत, दहा बाय बाराच्या खोलीत काम करतो. एकदा एका भजनी मंडळाचं लाइव्ह रेकॉर्डिंग आलं. पेटी, पखवाज, बुवा आणि टाळ. टाळ म्हणजे सगळ्याच माइकमध्ये टाळ. बुवांच्या माइकमध्ये तर बुवांपेक्षा तेच जास्त. हाय-मिड, म्हणजे मधल्याच्या वरचा पट्टा, कापावं तर शब्द मरतात, ठेवावं तर कानाला भोकं पडतात. मी कन्सोल १चा डिस्प्ले बंद केला. एक हात फ्रिक्वेन्सीवर (कुठे कापायचं), दुसरा गेनवर (किती). ४००० ईचा हा हाय-मिड बँड साधारण ६०० हर्ट्झपासून ७ किलोहर्ट्झपर्यंत फिरतो. वरून सावकाश खाली येत, कट कमीजास्त करत गेलो आणि एका जागी टाळांची धार बोथट झाली, बुवांचा ‘ज्ञानोबा’ मात्र शाबूत. आकडा कितीचा होता, तो मी बघितलाही नाही. ग्राफवाल्या ईक्यूत (असे पट्टे कमीजास्त करणाऱ्या प्लगइनमध्ये) माऊसनेही एकाच ठिपक्यावर दोन्ही गोष्टी हलतात, मान्य. पण मग डोळा त्या रेषेवरून हटत नाही आणि रेषा सुबक दिसली की आपण थांबतो.

मंडळाने ते मिक्स एका ज्येष्ठ रेकॉर्डिस्टना ऐकवलं. हयात अंधेरीच्या स्टुडिओंत मोठ्या डेस्कसमोर गेलेली. मिक्सबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाले, “त्या खेळण्यावर केलंय ना? डेस्कवर सगळे चॅनेल एकदम समोर असतात, यात एकच दिसतो.” मंडळाचं पुढचं काम दुसरीकडे गेलं.

एकच चॅनेल दिसतो हे खरंच आहे. ट्रॅक निवडायला बटणं आहेत, पण नॉबचा संच एकच. मात्र डेस्कवरचा माणूस दर ट्रॅकला नवा ईक्यू शोधत बसत नव्हता, हे साहेब सोयीस्कर विसरले. तोच ईक्यू, आवाजाचे चढउतार आवरणारा तोच कॉम्प्रेसर, पहिल्या चॅनेलपासून शेवटच्यापर्यंत. डेस्कने त्यांना लावलेली शिस्त हीच, आणि माझ्या टेबलावरचं ‘खेळणं’ मला तीच लावतं. कॉम्प्रेसरच्या थ्रेशोल्डचा नॉब कुठे आहे हे आता बोटांना पाठ आहे. प्लगइनच्या यादीत हरवणं बंद झालं. कन्सोलच्या आवाजातल्या ‘उबेवर’ तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी आधी हे बोलावं.

आता थोडं सबुरीने. असे कंट्रोलर कुठल्याही प्लगइनवर चालत नाहीत. एसएसएलचा यूसी१ कंट्रोलर मुख्यतः त्यांच्याच चॅनेल स्ट्रिप (एका ट्रॅकचा ईक्यू-कॉम्प्रेसर संच) आणि बस कॉम्प्रेसर (एकत्र मिक्सवर लावायचा) प्लगइनसाठी आहे. कन्सोल १ही सॉफ्टट्यूबच्या घराण्यातला, बाहेरचे निवडकच. तुमचा जीव दुसऱ्याच कंपनीच्या एम्युलेशनवर असेल तर आधी ते तपासा. मॅकी कंट्रोल या सर्वसाधारण पद्धतीवर चालणारा स्वस्त कंट्रोलर फेडरसाठी झकास, पण प्लगइनसाठी घेऊ नका: आठ नॉब, पानामागून पान, बोटांना काहीच पाठ होत नाही. ड्राइव्हचा, म्हणजे डेस्कसारखं डिस्टॉर्शन वाढवणारा, नॉब प्रत्येक ट्रॅकवर थोडा थोडा म्हणत वाढवाल तर बेरजेत चिखल होतो. लेव्हल सरासरी -१८ डीबीएफएसच्या (डिजिटलच्या कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) आसपास ठेवा. आणि खोलीला आवाजाचं परावर्तन आवरणारी ट्रीटमेंट नसेल तर पैसे आधी तिकडे.

घ्यायचा विचार असेलच, तर त्याआधी एक अख्खं गाणं एकाच चॅनेल स्ट्रिपवर, दुसरा एकही ईक्यू न लावता मिक्स करून बघा. त्यात चिडचिड झाली तर कंट्रोलर तुमच्यासाठी नाही.