‘हे पेपरात येते का?’ विचारणाऱ्या पोट्ट्याचं काय करायचं

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. लहान होता तेव्हा प्रश्न विचारून विचारून जीव खायचा, आता अभ्यासाला बसला की एकच विचारतो, हे पेपरात येते का? नाही म्हटलं की पुस्तक बंद. मार्क बरे पडतात पण दोन महिन्यांनी विचारलं तर सगळं साफ. सगळे म्हणतात त्याची जिज्ञासा वाढवा, पण ती वाढवायची कशी हे कोणीच सांगून नाही राह्यलं. (एक आई, मानेवाडा)

उत्तर : ताई, पोराचं काही बिघडलेलं नाही, त्याने हिशोब बरोबर लावलाय. शाळेत मार्क, ट्युशनमध्ये मार्क, लग्नाकार्यात भेटलेले काका-मावशीपण पहिले मार्कच विचारतात, मग तो दुसरं काय विचारणार बाप्पा!

आता उत्सुकता. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याच्याबद्दल ती वाटत नाही, आणि सगळं माहीत असेल तरी वाटत नाही, मधात कुठेतरी वाटते. जॉर्ज लोवेनस्टीन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1994 मध्ये हेच मांडलं, की आपल्याला माहीत आहे आणि माहीत हवं आहे याच्यात फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो. 2009 मध्ये कॅल्टेक या अमेरिकन विद्यापीठातल्या लोकांनी क्विझचे प्रश्न देऊन बघितलं तर लोकांना सगळ्यात जास्त उत्सुकता त्याच प्रश्नांची होती ज्यांचं उत्तर त्यांना अर्धवट येतंय असं वाटत होतं. म्हणून ‘जरा चौकस हो’ असं सांगून काहीच होत नाही, आधी थोडी माहिती द्यायची आणि मग फट दाखवायची. पाठांतर वाईट, फक्त प्रश्न विचारू द्या असं म्हणणारे लोक मला म्हणूनच पटत नाहीत, डोक्यात काही असल्याशिवाय प्रश्न येणार कुठून.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या, कूलर. मे महिन्यात 45 डिग्रीत तोच कूलर खोली गार करतो आणि जुलैमध्ये बाहेर 30 असताना त्याच्यासमोर बसून चिपचिप होते. असं काहून? त्याला विचारा आणि लगेच सांगू नका. त्याला अंदाज करू द्या, कागदावर लिहायला लावा, चुकीचा असला तरी चालेल, आधी स्वतः अंदाज केला की नंतर कळलेलं उत्तर जास्त लक्षात राहते. मग दोन साधे रूम थर्मामीटर आणा (तापाचा नाही, तो चालणार नाही), एकाच्या पाऱ्याच्या टोकाला ओल्या कापसाची पट्टी गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर ठेवा. ओल्याचा पारा खाली येतो कारण पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, कूलरच्या ताटीत हेच होते. मे मध्ये हवा कोरडी असते म्हणून दोघांत पंधरा डिग्रीच्या वर पण फरक पडू शकतो, पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असते की फरक जेमतेम राहतो. आकडे त्यालाच वहीत लिहू द्या, दोन्ही सीझनचे. बाष्पीभवन हा शब्द तो पाठ करून विसरला असेल, पण स्वतः वाचलेला पारा नाही विसरणार. आणि मग तो स्वतःच विचारेल की मुंबईत लोक कूलर काहून नाही लावत.

लक्षात राहण्याचं कारणही सापडलेलं आहे. 2014 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात मॅथायस ग्रूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रश्न दिले आणि उत्तर यायच्या आधी मधल्या वेळात एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती त्यांची उत्तरं तर लक्षात राहिलीच, पण त्या वेळी दाखवलेले चेहरे पण जास्त ओळखता आले, ज्यांचा प्रश्नाशी काही संबंधच नव्हता! मेंदूत बक्षीस मिळताना जो भाग जागा होतो तो उत्सुकतेतही जागा होतो आणि आठवणी साठवणाऱ्या भागाला कामाला लावतो. म्हणजे डोकं एकदा उघडलं की आजूबाजूचं पण आत जाते.

घरी एकच पथ्य पाळा. त्याने विचारलं की दोन सेकंदात मोबाईल काढून उत्तर वाचून दाखवू नका, फट तयार व्हायच्या आत बुजून जाते. पहिले ‘तुला काय वाटते?’ मग शोधा, सोबत बसून. तुम्हाला येत नसेल तर सरळ येत नाही म्हणा, त्यात कसली लाज. पण रोज प्रत्येक गोष्टीची क्विझ करू नका हो, पोरगं जेवायलाही येणार नाही.

प्रश्न : मी एमपीएससी करतोय, सीताबर्डीच्या एका अभ्यासिकेत बसतो. मला उत्सुकता खूप आहे, तोच प्रॉब्लेम आहे. एक गोष्ट शोधायला यूट्यूब उघडतो आणि तासाभराने ज्वालामुखीवर पोचलेलो असतो, इतिहासाचं पुस्तक तसंच राहते.

उत्तर : भाऊ, नवीन काहीतरी पाहिजे ही एक भूक आणि हेच कळलं पाहिजे ही दुसरी. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने हा फरक 1960 च्या सुमारासच केला होता. रील्स पहिलीवर चालतात, अभ्यासाला दुसरी लागते. भटका प्रश्न आला की वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, रात्री बघ, अर्धे तर तेव्हा शिळे झालेले असतील. आणि धडा वाचायच्या आधी हेडिंगचा प्रश्न कर. ‘नागपूर करार, 1953’ हे रटण्यापेक्षा असं विचार, की 1956 पर्यंत जे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं ते 1960 नंतर उपराजधानी कसं झालं आणि हिवाळी अधिवेशन इथेच काहून भरते? आता उत्तरासाठी तुला करार वाचावाच लागतो, राज्य पुनर्रचना वाचावी लागते, 1 मे 1960 पण आपोआप बसते.

प्रश्न : वय 68, बँकेतून रिटायर. आता नवीन शिकायची गोडी लागेल का?

उत्तर : लागेल, उत्सुकतेचा फायदा म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीतही दिसलेला आहे. विषय लांब शोधू नका. 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांना टाकळीजवळच्या खडकात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. लाव्हाच्या थरांमध्ये तळ्यातली गोगलगाय आली कुठून? दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी साचली होती, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. हेच हिस्लॉप फार जुन्या काळी माणसांनी रचलेली दगडांची वर्तुळं बघायला जायचे आणि 1863 मध्ये अशाच एका फेरीवरून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. तसली वर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला आजही आहेत. सकाळी उन्हाच्या आत जा, वही न्या, आणि घरी आल्यावर ही कोणी काहून रचली याचा तुमचा अंदाज लिहून मगच वाचायला घ्या. नंतर अजब बंगला, म्हणजे आपलं सेंट्रल म्युझियम, तोही 1863 चाच. सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असते.