रनिंग किती होणार?

प्रिय मित्रा,

तू मला काका म्हणतोस. वयाच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, पण गाडीचा विषय निघाला की आपल्यातली तीस वर्षं कुठे जातात कळत नाही, म्हणून मित्रा.

मोजक्याच निघणारी ती मॅन्युअल, म्हणजे हातानं गिअर टाकायची, विशेष आवृत्ती घ्यावी की नाही, यासाठी रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा तक्ता सकाळी नीट पाहिला. अकरा रकाने. बुकिंगची रक्कम, कर्जाचे हप्ते, विमा, एकूण किती गाड्या निघणार, तुझ्या वाट्याला कितवी येणार, तीन वर्षांनी काय भाव येईल, पाच वर्षांनी काय, दहा वर्षांनी काय. शेवटच्या रकान्यात पिवळ्या रंगात नुसतं प्रश्नचिन्ह. मेहनत दिसते. पण अरे, किलोमीटरचा रकाना कुठे आहे? कुठे झाकला गेलाय का म्हणून मी तक्ता डावीकडे-उजवीकडे सरकवून पाहिला. नाहीच. गाडी घ्यायची की नाही यावर अर्धी रात्र घालवलीस आणि चालवणार किती, हे एकदाही मांडलं नाहीस.

जुन्या गाडीच्या व्यवहारात पहिला प्रश्न ठरलेला असतो: रनिंग किती? आकडा जितका कमी तितका समोरचा खूश. मी तोच प्रश्न तुला दुसऱ्या टोकाकडून विचारतोय. पहिल्या वर्षी रनिंग किती होणार? गुरुवारी शोरूमला उत्तर द्यायच्या आधी मला एवढा एक आकडा कळव. तुझे अकरा रकाने तोवर राहू देत.

मॅन्युअल कशाला, हे मी समजावत बसणार नाही. तो प्रश्न तुला पडला असता तर तू मला लिहिलंच नसतंस. तुझा मित्र म्हणतो ना, दोन क्लचची, आपोआप गिअर बदलणारी ड्युअल क्लचवाली जास्त वेगवान असते? त्याला म्हणावं, असतेच. पोर्शच्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या ९९२ पिढीत जीटी३ नावाची आवृत्ती आहे, तिला दोन्ही गिअरबॉक्स मिळतात. शून्य ते शंभर गाठायला पीडीकेला, म्हणजे त्यांच्या ड्युअल क्लचला, ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलला ३.९. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम; तिसऱ्यात धावताना चौथा आतून लागून तयार. तिथे माणसाचा हात-पाय कसा पुरा पडणार? ज्याला तो अर्धा सेकंद वाचवायचाय त्यानं खुशाल वाचवावा. वेग उतरताना उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक धरून, त्याच पावलाच्या कडेनं किंचित रेस देऊन तिसऱ्यातून दुसरा टाकायचा आणि गाडीला कळूसुद्धा द्यायचं नाही, हे ज्याला एकदा साधलंय त्याच्याशी सेकंदांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता माझी गोष्ट. तुला ती अर्धीच माहीत आहे.

माझ्याकडे एक होती. नाव लिहीत नाही. कंपनी आणि साल कळलं की तू लगेच आजचा भाव शोधायला बसशील. दोन दारं, सहा गिअर, डॅशबोर्डवर मोजक्या गाड्यांतली कितवी तो नंबर कोरलेला बिल्ला. अकरा वर्षं माझ्याकडे होती. रनिंग दोन हजार तीनशे चाळीस. कर भागाकार. महिन्याला अठरा किलोमीटरसुद्धा भरत नाहीत, आणि त्यातले निम्मे सर्व्हिसिंगला नेण्या-आणण्याचे. नवं इंजिन रुळायलाच हजार-दीड हजार किलोमीटर जातात. म्हणजे ती बिचारी जेमतेम रुळली, तेवढीच.

दर रविवारी मी कव्हर काढायचो, गाडी पुसायचो, जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवायचो आणि बंद करून पुन्हा कव्हर घालायचो. मला वाटायचं, केवढी काळजी घेतोय. त्या दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही, इंजिनात धरलेला ओलावा उडून जात नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचत राहतं, आणि चाकंच फिरत नाहीत म्हटल्यावर गिअरबॉक्सातलं तेल धड ढवळलंही जात नाही. थोडक्यात, गाडीची तब्येत बिघडवायचा कार्यक्रम मी दर रविवारी न चुकता करत होतो.

नवव्या वर्षी कामासाठी परगावी अडकलो. सात महिने कव्हर निघालंच नाही. परत आलो, बॅटरी चार्ज केली, इंजिन सुरू झालं, क्लच दाबला, तर गिअर पडेना. नुसती खरखर. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल खाली जायचं, पण प्लेट सुटायची नाही. मेकॅनिक आला. त्यानं इंजिन चांगलं गरम करून बंद केलं, समोरची जागा मोकळी करवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबूनच स्टार्टर मारला. गाडी गचके खात निघाली. क्लच खालीच, आणि उजव्या पायानं एकदा रेस, एकदा सोड, एकदा रेस, एकदा सोड. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला खालून ‘टक्’ असा आवाज आला आणि ती सुटली. उतरून हात पुसत तो म्हणाला, “हिला आजार काही नाही साहेब, उभं राहून राहून झालंय.” मग वाकून टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल, आणि रबर लाकडासारखं कडक.

तुला वाटेल, मग तरी मी शहाणा झालो असेन. छे. बॅटरीला कायमचा चार्जर जोडला आणि कव्हर घातलं. कारण तोवर रनिंग कमी असणं हीच तिची किंमत होऊन बसली होती. बाहेर काढली की माझं लक्ष रस्त्यापेक्षा मीटरकडे. एक किलोमीटर, दोन किलोमीटर, चला आता वळवू या. पुढे कधीतरी येणाऱ्या, तोंडही न पाहिलेल्या गिऱ्हाइकासाठी मी स्वतःच्या गाडीची राखण करत होतो.

शेवटी विकली. नफा झाला, हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील काका तोट्यात गेले म्हणून कुरकुरतायत. चांगला नफा झाला. त्याचं पुढे काय केलं ते मात्र मला आज आठवत नाही. घेणाऱ्यानं पहिला प्रश्न तोच विचारला आणि आकडा ऐकून त्याचे डोळे चमकले. मी चावी पुढे केली, म्हटलं एक फेरी तरी मारून बघा. तो म्हणाला, “नको, उगाच किलोमीटर कशाला वाढवायचे?” बंद ट्रक आणला होता त्यानं. विंचनं ओढून ती फळीवरून वर चढवली, चाकांना पट्टे आवळले, मागचं दार लावलं. अकरा वर्षं सांभाळलेली गाडी माझ्या दारातून स्वतःच्या चाकांवरसुद्धा गेली नाही.

मी काही मूर्ख नव्हतो, बरं का. तेव्हा मुलं लहान होती, कामाचे तास विचित्र होते, दोन सीटच्या गाडीत कुणाला बसवू आणि कुणाला सोडू? आणि तेव्हा सगळेच सांगायचे, अशी गाडी जपायची असते. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही हेच केलं असतं. बायको म्हणायची, “जा की एकटाच, पहाटे कोण अडवतंय?” ते मात्र खरं होतं. कुणी अडवलं नव्हतं. असो, हे मी तुला सांगतोय की स्वतःला, कोण जाणे.

तू लिहिलंयस, “सध्या जपून ठेवीन, पुढे निवांतपणा आला की मनसोक्त चालवीन.” हे वाक्य वाचून मला तुझा कान धरावासा वाटला. हेच मी म्हणायचो, अगदी याच शब्दांत. निवांतपणा आला आणि माझा डावा गुडघा गेला. उजवा ठणठणीत आहे. ऑटोमॅटिकला तेवढा पुरतो. तुझ्या तक्त्यात दहा वर्षांनंतरचा भाव आहे. दहा वर्षांनंतरचा डावा पाय कुठल्या रकान्यात आहे?

आणि त्या भावाचंही बोलू या, तुझा जीव तिथेच अडकलाय म्हणून. २०१३ साली पोर्शनं जीटी३ फक्त पीडीकेसह आणली, तेव्हा मॅन्युअलवाले हळहळले. मग २०१६ मध्ये ९११ आर आली. चार लिटरचं इंजिन, सहा गिअर, फक्त मॅन्युअल, जेमतेम ९९१ गाड्या. लोकांनी मूळ किमतीच्या कित्येक पट मोजले, कारण अशी पुन्हा होणार नाही अशी सगळ्यांची खात्री. २०१७ मध्ये त्याच कंपनीनं जीटी३ ला पुन्हा मॅन्युअल दिला, पाठोपाठ तिचीच मॅन्युअल टूरिंग आवृत्ती आणली, आणि ९११ आरचे फुगलेले भाव खाली आले. ज्यांनी कव्हरखाली ठेवायला घेतली होती त्यांची झोप उडाली. जे ती रोज पळवत होते त्यांचं काय गेलं? २०२३ च्या ९११ एस/टीच्या वेळी तर, १९६३ च्या पहिल्या ९११ ची आठवण म्हणून १९६३ गाड्या काढल्या आणि अमेरिकेत पहिलं वर्षभर ती विकत न देता लीजवरच, म्हणजे भाडेकरारानं, द्यायचं ठरवलं, लोकांनी घेतल्या घेतल्या विकून टाकू नये म्हणून. गाडी बनवणाऱ्यांनाच जर घेणाऱ्याचा एवढा भरवसा वाटत नसेल, तर तू आणि मी कुठल्या गुंतवणुकीच्या गप्पा मारतोय?

“नाही घेतली तर पुन्हा मिळणार नाही,” असंही तू म्हणतोस. मान्य. फेरारीनं २००९ च्या ४५८ ला मॅन्युअल दिलाच नाही, लॅम्बोर्गिनीनं २०११ च्या अ‍ॅव्हेंटाडोरला दिला नाही, आणि तिकडे ते परत फिरलेले दिसत नाहीत. तुझी भीती खोटी नाही. पण न चालवता ठेवलेली गाडी तरी तुला मिळाली असं कसं म्हणायचं? मला अकरा वर्षांत ती मिळाली नाही. माझ्या गाडीत दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडा नेमका कुठे अडखळतो, हे मला आज विचारलंस तर सांगता येणार नाही. हातच बसला नाही कधी.

कामाचं थोडं सांगतो. शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीवर जाऊ नकोस. तिथे सगळ्याच गाड्या गोड वागतात. त्याच गाडीची साधी मॅन्युअल कुणाकडून तरी मागून घे आणि ऐन गर्दीच्या वेळी तासभर रांगेत चालव. क्लच किती जड आहे, कुठे उचलतो, चढावर हाफ क्लचवर धरताना पाय थरथरतो का, ते बघ. तासाभरानं चिडलास तर या विशेष आवृत्तीत आणखी चिडशील, कारण ती बहुधा जास्त कडक असणार. आणि खूश झालास तर स्वतःला विचार, मग साधीच का नको? क्लच आणि गिअर हेच जर हवे असतील तर ते तिच्यातही आहेत, बिल्ला तेवढा नाही. तक्त्यात टायरच्या जोडाचा, ब्रेक पॅडचा, क्लचप्लेटचा रकाना घाल. हे चालवणाऱ्याचे खर्च आहेत. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचा खर्चही घाल. ते उभ्या गाडीतही ओलावा धरतं, त्याला मीटरशी देणंघेणं नसतं.

मग सांग आकडा. पाच हजार म्हणालास तर घे, बिल्ल्यासकट घे, आणि पहिला दगड काचेला लागला की मला फोन कर, आपण दोघं हळहळू. पाचशे म्हणालास तर शोरूमला नको म्हणून कळव आणि पुन्हा हा विषय माझ्यापाशी काढू नकोस. पाच हजारच का, असं विचारशील. शास्त्र-बिस्त्र काही नाही, माझा हट्ट आहे. वर्षाला पाच हजार म्हणजे आठवड्याला शंभरेक. एवढंही जमणार नसेल तर मला कारणं सांगू नकोस, ती सगळी माझ्याकडे आधीच आहेत.

उत्तर गुरुवारी द्यायचंय ना? बुधवारी ये. माझी जुनी उघड्या टपाची घेऊन जा, दिवसभर. माझ्यानं हल्ली अर्ध्या तासावर होत नाही, पण तेवढी रोज काढतो. चावी दाराजवळच्या खिळ्याला आहे. क्लच फार वर उचलतो, पहिल्यांदा बंद पडेल, पडू दे. गार असताना दुसरा गिअर लगेच पडत नाही. ढकलू नकोस, न्यूट्रलला क्षणभर थांब आणि मग टाक. निघताना मीटर वाचून ठेव आणि आल्यावर किती झाले ते सांग. कितीही उशीर कर, मी जागाच असतो. गुडघा झोपू देत नाही.

तुझा,
काका