वायर भिंतीला की खोक्यात?

प्रिय,

तुझी औषधांची डबी पोचली. दोन दिवस आईच्या उशाशी ठेवली होती. सकाळी आठला ती वाजली, आईनं गोळी घेतली, झाकण लावलं आणि ती देवपूजेला गेली. मला फार बरं वाटलं. पण पुढच्या आवृत्तीत तू पावलं नि झोप मोजणं आणि गाणीही घालणार आहेस असं लिहिलंयस, म्हणून हे पत्र.

पेबल घड्याळाचं काय झालं ते तुला माहीत असायला हवं. एरिक मिजिकोव्हस्की हा कॅनडातला विद्यार्थी २००८ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकत होता. सायकलवरून जाताना खिशातला फोन न काढता आलेला निरोप मनगटावर दिसावा, एवढीच त्याची गरज. पुढे गुंतवणूकदार मिळेनात, तेव्हा २०१२ मध्ये त्यानं किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. जवळजवळ ६९ हजार लोकांनी मिळून एक कोटीहून जास्त डॉलर दिले! सप्टेंबरात द्यायची घड्याळं जानेवारीत निघाली, तरी लोकांनी ती आपलीशी केली. पडदा उन्हात स्वच्छ दिसायचा आणि एकदा चार्ज केलं की आठवडाभर बघायला नको.

२०१५ मध्ये ॲपलचं घड्याळ बाजारात आलं. पेबल कंपनी आपलं ठरलेलं गिऱ्हाईक सोडून आधी कामकाजाच्या आणि मग व्यायामाच्या घड्याळांकडे वळली. विक्री अंदाजाइतकी झाली नाही, माल पडून राहिला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये फिटबिट या कंपनीनं तिची सॉफ्टवेअरशी संबंधित मालमत्ता विकत घेतली. माझ्या मनात घर करून आहे ते त्यानंतरचं. मूळ सेवा बंद होणार म्हटल्यावर वापरणाऱ्यांनीच ‘रेबल’ नावाची पर्यायी सेवा उभी केली आणि जुनी घड्याळं चालू ठेवली. त्यांना तेच साधं घड्याळ हवं होतं.

मोल्डची, म्हणजे डबीचं प्लास्टिक ओतायच्या पोलादी साच्याची, मात्र घाई करू नकोस. साच्याचं पोलाद खरवडून प्लास्टिक जाड करता येतं. पातळ करायचं तर वेल्डिंगनं पोलाद भरावं लागतं. म्हणून झाकणाची कडी आधी थोडी सैल ठेव, नंतर घट्ट करता येईल. माझ्या पहिल्या उपकरणात मी नेमकं उलटं केलं. झाकण म्हाताऱ्या बोटांना उघडेना, मोल्ड दोनदा वेल्डिंगला गेला आणि दिवाळीचा हंगाम हातचा गेला. त्या पैशात पुढच्या बॅचच्या बॅटऱ्या आल्या असत्या. अजून हळहळ वाटते.

तेव्हा आत्ता नवीन काही जोडू नकोस. आहे तशा दहा डब्या तयार कर आणि ओळखीपाळखीत नसलेल्या दहा घरांत ठेव. फोन करू नकोस, ‘वापरताय ना’ असं विचारू नकोस. महिन्याभरानं जा, चहा घे, आणि चार्जिंगची वायर भिंतीला लावलेली आहे की खोक्यात तशीच गुंडाळलेली, ते आधी बघ. दहाही घरांचं मला लिहून कळव.

तुझा,
काका